जिन्यातल्या सुया

नाताळचं झाड निवडून झालं होतं, झाडवाल्यानं करवतीनं बुंध्याची एक पातळ चकती कापून दिली होती, आणि भिंगरी ती ओली चकती नाकाशी धरून उभी होती, तेवढ्यात दादा म्हणाला, "आपल्याकडे कधी खरं झाड नव्हतंच."

तो काही वाद घालायला म्हणाला नव्हता. गाडीच्या टपावर झाड आडवं टाकून तो दोरीची गाठ आवळत होता, एक टोक दातांत होतं, आणि त्या टोकाच्या बाजूनंच शब्द निसटल्यासारखे आले. त्याच्या बहिणीनं, धाकटीनं, ते आधी हसण्यावारी नेलं. ती नुकतीच आपल्या मुलीला, भिंगरीला, सांगत होती की तुझे आजोबा असंच झाड आणायचे, खांद्यावर टाकून, मग जिनाभर सुया सांडायच्या आणि मी मागून त्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत वर जायची. हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्याला धार उरली नव्हती, नदीतल्या गोट्यासारखं ते गुळगुळीत झालं होतं. लग्न झाल्यावर पहिल्या नाताळला नवऱ्याला सांगितलं होतं. कामावरच्या, दवाखान्यातल्या बायकांना सांगितलं होतं. घरी तर दर वर्षी, प्लास्टिकचं झाड खोक्यातून काढताना, हे म्हटल्याशिवाय तिचा हात पुढे जायचा नाही. यंदा भिंगरीनंच हट्ट धरला, की मग आपण पण खरंच आणू. म्हणून तर रविवारच्या दुपारी दादाला गाडी घेऊन बोलावलं होतं.

"घडीचं होतं," दादा दोरी सोडून म्हणाला. "छत्रीसारखं उघडायचं. पलंगाखाली खोक्यात असायचं. एक पाय मोडका होता, त्याच्याखाली बाबांचं पितळी वजन ठेवायचो."

"ते नंतरचं," धाकटी म्हणाली. "आधी खरं होतं."

"आधी म्हणजे कधी?"

 आधी म्हणजे आधी. दादा तिच्यापेक्षा चांगला मोठा, तेव्हा शाळेत जाणारा. त्याला तर जास्त आठवायला हवं. पण दादाला पहिल्यापासून यंत्रं लक्षात राहायची, माणसं आणि झाडं नाहीत, असं तिनं स्वतःला समजावलं आणि भिंगरीच्या हातातली चकती घेऊन हुंगली. वास सरळ कपाळात शिरला. राळेचा, थंड, जरासा औषधी. हा वास खोटं कसं सांगेल? तिनं चकती परत दिली. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावामागचं ते मैदान, भिंतीला टेकून उभी केलेली, सुतळीनं बांधलेली झाडं, एकेक सुतळी कापून झाड दोनदा जमिनीवर आपटणारा आणि फांद्या सावकाश खाली येईपर्यंत तोंड दुसरीकडे करून थांबणारा झाडवाला, हे सगळं मघाशी तिला ओळखीचं वाटलं होतं. एखाद्या घरी बऱ्याच वर्षांनी जावं तसं. भिंगरीनं डॉक्टरसारख्या फेऱ्या मारून झाडं नापास केली होती: एक मागून टकलं, एकाला दोन शेंडे, एक उगाचच रागावलेलं. दादाला सरळसोट हवं होतं. धाकटीनं मात्र मध्यावर किंचित वाकलेलं, जणू कुणाचं तरी बोलणं ऐकायला कलल्यासारखं एक झाड धरून ठेवलं. हेच का, असं दादानं विचारलं तेव्हा तिला कारण देता आलं नव्हतं. हेच होतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

दादा गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी जास्तीचा ब्रेक आहे, शिकणाऱ्यानं घोळ घातला तर शिकवणाऱ्यानं दाबायचा. आज दादा स्वतः चालवत होता आणि त्या ब्रेकवर धाकटीचे पाय येत होते, म्हणून ती पाय आखडून बसली. टपावरून झाडाचा शेंडा काचेवर लोंबत होता आणि प्रत्येक सिग्नलला मान डोलावत होता. मागे भिंगरी गाणं म्हणत होती. दादा गप्प होता. तो गाडी चालवताना कधी गप्प नसतो. समोरच्या प्रत्येकाला तो मनातल्या मनात नापास करत असतो आणि तसं तोंडानं सांगतही असतो. धाकटीनं डोळे मिटून घेतले आणि ते झाड पुन्हा आठवून पाहिलं, जसं आपण घरातून निघाल्यावर किल्ली आहे ना म्हणून पर्स चाचपतो. होतं. सगळं जागच्या जागी होतं. पिवळ्या फरशा, त्यांतली एक तडकलेली. बुटकी खिडकी, तिच्या कट्ट्यावर ती स्वतः पाय हलवत बसलेली. पांढरी बादली, कडेला निळी रेघ, आत वाळू. शेपटीला खराखुरा केसांचा झुपका असलेला काचेचा पक्षी, चिमट्यानं फांदीवर बसवलेला. बाबा शर्टाच्या बाह्या दुमडून, मानेवर अडकलेल्या सुया झटकत हसताहेत. बाबा घरी असे क्वचित हसायचे. वजनकाटे दुरुस्त करत दुकानोदुकानी फिरणारा माणूस. संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही पारडी बरोबर झाल्यासारखी एक स्थिर, सपाट शांतता असायची. पण झाडाजवळचे बाबा हसत होते. आणि आईचे हात. चांदणीला दोरा बांधायचा, फांदीला गाठ मारायची, वाकून उरलेला दोरा दातांनी तोडायचा. तेव्हा आईचे केस धाकटीच्या गालाला लागायचे, आणि हातांना शिसपेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा, गोडसर वास असायचा. आई काहीतरी गुणगुणत असायची, तोंड मिटून, नाकातल्या नाकात. त्या गुणगुणण्यानं धाकटीच्या गालाचं हाड थरथरायचं. आपल्याला कुणाचंही काहीही लागत नाही, सगळं इथेच आहे, असं तिला आयुष्यात फक्त तेवढ्यापुरतं वाटलं होतं. पुढे कधी नाही. लग्नात नाही, भिंगरी झाली तेव्हाही नाही. तेव्हा आनंद होता, पण त्याला काळजीची किनार होती.

गाडी थांबली. नवरा खाली उभाच होता. तो आणि दादा झाड घेऊन जिना चढू लागले, दादा बुंध्याकडून, नवरा शेंड्याकडून, आणि प्रत्येक वळणावर दोघांत मतभेद. तुमच्याकडून उचला, नाही, तुमच्याकडून. भिंगरी पुढे पळून दारांच्या बेल वाजवत कुणाकुणाला बातमी देत होती. झाड भिंतीला घासत होतं. पायऱ्यांवर सुया सांडत होत्या, हिरव्या, बारीक, थोड्या चिकट. धाकटी मागून येत होती. आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत ती वाकून एकेक सुई उचलत होती, दुसऱ्या हाताच्या मुठीत टाकत होती. दुसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा मूठ भरत आली होती. तिनं कठड्याला टेकून दम घेतला, वर गेलेल्या आवाजांकडे पाहिलं, खाली गेलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं, आणि तिच्या मनात अगदी साध्या, घरगुती आवाजात एक वाक्य उमटलं, की आपण तर तळमजल्यावर राहायचो.

ती तशीच उभी राहिली. जिन्यातला दिवा आपोआप विझणारा होता, तो विझला. तळमजला. दार उघडलं की थेट गल्ली. एकच पायरी, तिला दादा सायकल टेकवायचा. दादाच्या नोकरीपर्यंत, बाबा जाईपर्यंत, आई एकटी राहायला लागून शेवटी धाकटीकडे येईपर्यंत तेच घर, तोच तळमजला, काळ्या शहाबादी फरशा, उंचावर गजांची खिडकी जिच्यातून फक्त माणसांची डोकी जाताना दिसायची. कट्टा नव्हता. पिवळी फरशी नव्हती. वर जायला काही नव्हतंच, तर मग जिना कुठला? तिनं घाईघाईनं नातेवाइकांची घरं आठवली. मावशीकडे लिफ्ट. काका बैठ्या घरात. शाळेला जिना होता, पण शाळेत बाबा खांद्यावर झाड कशाला नेतील? आणि आई. आईच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. आई पडदे शिवायची, आजही शिवते. आईच्या कपाटाला, उशीला, तिनं पुसलेल्या ताटालाही तो तेलाचा वास. आणि आई कधी गुणगुणत नाही. कुणी गुणगुणलं तर म्हणते, माश्या आल्या का घरात. हे सगळं धाकटीला ठाऊक होतं, रोजचं होतं, डोळ्यांसमोर होतं. मग इतकी वर्षं या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या कशा, एकमेकींचं तोंड न बघता? वरून नवऱ्यानं हाक मारली, किल्ली कुणाकडे आहे म्हणून. किल्ली तिच्याकडेच होती.

ती वर पोहोचेपर्यंत आईनं दार आतून उघडून दिलं होतं. ती आपल्या खुर्चीवर परत जाऊन बसली होती, मांडीवर कुणाचा तरी मोरपंखी पडदा, काठ दुमडून टाके घालत. झाडाकडे तिनं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि वाकडं आहे, एवढंच म्हटलं. भिंगरीनं तत्परतेनं सांगितलं की आपल्या आईनं मुद्दाम वाकडं घेतलं. आजीनं पुढचा टाका घातला. कोपऱ्यातली पुस्तकांची मांडणी सरकवून तिथे बादली ठेवली गेली, वाळू ओतली गेली, दादानं बुंधा आत रोवून चारी बाजूंनी दगड ठोकले. धाकटीनं मुठीतल्या सुया कुठे टाकाव्यात हे न कळून त्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवल्या आणि पाण्याचा नळ सोडून उभी राहिली. दादा हात धुवायला आत आला.

"आपण तळमजल्यावर राहायचो," ती म्हणाली.

दादानं साबण लावला. बोटांवरचा चीक निघत नव्हता. त्याचा उजवा पाय ओट्याखाली जमिनीवर दाबलेला होता, ब्रेकवर असावा तसा. "मला वाटलं तुला ठाऊक आहे," तो शेवटी म्हणाला. "दर वर्षी सांगायचीस, तेव्हा मला वाटायचं तू मुद्दाम सांगतेस. आईला टोचायला. मग वाटलं, नाही, हिला खरंच कळलेलं नाही."

मग त्यानं पाण्याच्या आवाजाआडून, अडखळत, जेवढं त्याला माहीत होतं तेवढं सांगितलं. ते फार नव्हतं. एक बाई होती. बाजाराच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर राहायची, कुठल्याशा कचेरीत नकाशे काढायची. बाबा काट्यांच्या कामासाठी तिथे गेले असतील आणि मग जात राहिले असतील. रविवारी ते धाकटीला घेऊन निघायचे, कानाच्या डॉक्टरकडे नेतो म्हणून. धाकटीचा कान दुखतो असं घरात ठरलेलंच होतं. खरंच दुखायचा का, असं तिनं विचारलं, तर दादा म्हणाला की दुखतही असेल. तू रडायचीस. पण रविवारी नाही. मग एका वर्षी बाबांनी स्वतःच ते घडीचं झाड घरी आणलं, आणि रविवारचं जाणं थांबलं. बाई गाव सोडून गेली, की गेली म्हणजे कायमचीच गेली, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि बाबांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

"तू गेला होतास कधी?"

"एकदाच," दादा म्हणाला. "मला तिथे फार आवडलं. म्हणून परत गेलो नाही."

आईला ठाऊक होतं का, हे तिनं विचारलं नाही, पण तो प्रश्न दोघांच्या मध्ये ओट्यावर त्या सुयांशेजारीच पडलेला असावा, कारण दादा हात पुसत म्हणाला की आईला विचारायची त्याची कधी छाती झाली नाही. आणि बाहेर गेला. बाहेर तो लगेच भिंगरीशी मोठ्यानं बोलायला लागला, दिव्यांच्या माळेचा गुंता कसा सोडवायचा ते शिकवायला लागला.

धाकटी कानांच्या दवाखान्यात काम करते. लहानपणी कान दुखायचे म्हणून या कामाची ओढ लागली, हेही ती लोकांना सांगत आली होती. काचेच्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. वाजलं तरच दाबा, असं ती प्रत्येकाला सांगते, तरी माणसं काही वाजलेलं नसताना दाबतात. ती त्यांना रागावत नाही. भीतीपोटी दाबतात बिचारी. पण त्याहून फसवा प्रकार दुसरा असतो. एक कान पार बंद असतो, तरी त्या बाजूला आवाज सोडला की माणूस बरोबर बटण दाबतं, कारण आवाज कवटीच्या हाडातून पलीकडच्या, चांगल्या कानाला पोहोचलेला असतो. माणूस खोटं बोलत नसतं. त्यानं ऐकलेलं असतंच. फक्त कुठल्या कानानं, ते त्याला कळत नाही. अशा वेळी धाकटी चांगल्या कानात एकसारखा खरखराट सोडून त्याला गुंतवून ठेवते आणि मग पुन्हा विचारते. आता तिच्या डोक्यात तसाच खरखराट चालू होता आणि त्यातून काही ऐकू येत नव्हतं. बाबांचा राग यायला हवा होता. तो शोधला तर सापडत नव्हता. बाबा बाह्या दुमडून हसतच उभे होते. त्या बाईचा तरी यायला हवा होता. पण त्या बाईचा चेहराही तिच्याकडे नव्हता, नुसते हात होते, आणि ते हात आठवले की अजूनही, या क्षणीही, नळासमोर, तिला वाटत होतं की सगळं इथेच आहे. आपण एका अनोळखी बाईची आयुष्यभर आठवण काढत आलो, आणि ती काढताना तोंड आईकडे करून बसलो. दर वर्षी. जेवणाच्या टेबलावर. आई दोरा दातांनी तोडायची, आई गुणगुणायची. आणि आई समोर बसून, मान खाली घालून, जेवत राहिलेली. भाकरीचा तुकडा मोडताना आईचा हात थांबला होता का? एकदा तरी? धाकटीनं आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण त्या सगळ्या जेवणांत तिनं आईकडे पाहिलेलंच नव्हतं. ती झाडाकडे पाहत होती.

"आई, ये ना," भिंगरीनं बाहेरून हाक मारली. "गोष्ट सांग ना तुझी. मी तसंच बांधणार आहे सगळं."

ती बाहेर आली. झाड कोपऱ्यात उभं होतं, कललेलं. गालिच्यावर चांदण्या, काचेचे गोळे, झिरमिळ्या पसरल्या होत्या, नवरा एकेका गोळ्याला आकडा अडकवून देत होता. दादा भिंतीला टेकून माळेच्या दिव्यांकडे फार लक्षपूर्वक बघत होता. धाकटीनं एक चांदणी उचलली आणि तिला दोरा ओवायला लागली. दोरा भोकातून जाईना. ती म्हणाली की आज नको, दर वर्षी तेच ते काय सांगायचं. भिंगरी ऐकणारी नव्हती. पोर म्हणाली, तर मग नुसतं एवढंच सांग, की आजी दोरा कसा तोडायची.

 आता काय बोललं तर कमी लागेल, खरं की खोटं, हे धाकटीला ठरवता येईना. नाही म्हणावं तर आईला कळणार की हिला कळलं. हो म्हणावं तर आजवर जे नकळत केलं ते आता जाणूनबुजून. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आईच्या खुर्चीतून आला.

"दातांनी," आई म्हणाली. टाका पुरा करून तिनं सुई पडद्याला टोचून ठेवली. "तेव्हा होते ना दात."

भिंगरी तिच्याकडे वळून बसली. आई आजवर या गोष्टीत कधी तोंड घालायची नाही, त्यामुळे पोरीला हे नवीनच होतं. आणि आईनं सांगायला सुरुवात केली, तिच्या त्या कोरड्या, माप सांगितल्यासारख्या आवाजात. आजोबा झाड घेऊन वर चढायचे. तुझी आई मागून सुया वेचत यायची, एक सोडायची नाही. निळ्या काठाची बादली होती. शेपटीवाला पक्षी होता. एकेक वस्तू आई क्रमानं, न चुकता ठेवत गेली, धाकटीनं दर वर्षी ठेवली तशी, तिच्याच शब्दांत. ऐकून ऐकून आईला ते पाठ झालं होतं, की ऐकता ऐकता ते तिला खरंच आठवायला लागलं होतं, की ती लेकीची लाज राखत होती, की आपली? आईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो चेहरा नेहमीसारखाच होता, पडद्याचा काठ सरळ आहे ना हे बघणारा.

"पण कोपऱ्यात नव्हतं ते," आई म्हणाली. "खिडकीत होतं. खालून दिसायचं. पिवळे दिवे होते त्याला, असे लाल-निळे नव्हते. शेंड्याजवळचा एक दिवा सारखा विझायचा. मग कुणीतरी स्टुलावर चढून तो पिळून घट्ट करायचं."

"कुणीतरी म्हणजे कोण?" भिंगरीनं विचारलं.

"जे असेल ते," आई म्हणाली. "खालून काय एवढं दिसतं? हात दिसायचा."

धाकटीच्या हातातली चांदणी तशीच राहिली. विझणारा दिवा तिनं कधी सांगितला नव्हता. तिला तो ठाऊकच नव्हता. ती आत होती, कट्ट्यावर, झाडाच्या मागे, तिला फक्त उजेड दिसत होता. दादानं मान वर केली. त्यानं आईकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि मग जाऊन बादलीला हात घातला. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण दादा जड वस्तूला हात घालतोय म्हटल्यावर तोही उठला. दोघांनी झाड उचलून खिडकीपाशी नेलं. वाळू सांडली. सुयाही सांडल्या. भिंगरी आनंदानं ओरडली की आता दुकानातल्यासारखं दिसतंय, आणि भराभरा गोळे अडकवायला लागली, खालच्या फांद्यांवर दाटीवाटीनं, जिथपर्यंत तिचा हात पोहोचत होता तिथपर्यंत. बाहेरचा उजेड उतरत होता. माळ लावली तेव्हा काचेत झाडाचं दुसरं झाड उमटलं.

आईनं पडद्याची घडी करून बाजूला ठेवली आणि धाकटीला म्हणाली की मला जरा खाली घेऊन चल, रस्त्यावरून कसं दिसतं ते बघू. नवरा म्हणाला की गुडघ्यांचं काय, वरून फोटो काढून दाखवतो. आईनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती शाल शोधत होती.

जिना उतरायला वेळ लागला. आई एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं धाकटीचा दंड धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. तिची पकड घट्ट होती, कात्री धरून धरून कमावलेली. धाकटीच्या मनात बोलायच्या गोष्टींची नुसती झुंबड उडाली होती आणि एकीलाही तोंडापर्यंत येता येत नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, हे म्हणावं, तर ते इतकं तोकडं होतं. तू मला का थांबवलं नाहीस, हे म्हणावं, तर तो उलट आईवरच आरोप. आणि सगळ्यांच्या तळाशी एक गोष्ट होती जी कधीच म्हणता येणार नव्हती, की मला ती बाई आवडायची, आई, अजून आवडते, आणि आता तिचं काय करू ते मला कळत नाही. आईच्या शालीला मशीनच्या तेलाचा वास येत होता. हा वास आपल्याला आवडतो का, असा प्रश्न धाकटीनं जन्मात कधी स्वतःला विचारला नव्हता. आपण आपल्या श्वासाला विचारतो का?

समोरच्या फुटपाथवर बंद लाँड्रीची पायरी होती. तिथे त्या दोघी उभ्या राहिल्या. रस्त्यावर गर्दी नव्हती. एक सायकल गेली, एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला. वर, तिसऱ्या मजल्यावर, सगळ्या खिडक्यांत त्यांचीच खिडकी वेगळी दिसत होती. झाड खालून सरळ वाटत होतं. त्याच्या मागून भिंगरीचं डोकं मध्येच वर यायचं, मध्येच नाहीसं व्हायचं. मग एक हात आला, एक गोळा सरकवून गेला. कुणाचा हात ते इथून ओळखू येत नव्हतं. आई मान वर करून बघत होती. तिची मान वर करायची पद्धत सवयीची होती, कुठे उभं राहिलं की दिव्याचा खांब आड येत नाही हे आधीच बघून ठेवल्यासारखी. धाकटीला वाटलं, आपण काही विचारलं नाही तर ही अशीच उभी राहील. आणि विचारलं तर काय होईल, हे तिला समजत नव्हतं.

"थंडी असायची?" ती म्हणाली.

 कशाची, कधीची, असं आईनं विचारलं नाही.

"असायची," ती म्हणाली. "पण तू दिसायचीस ना. पाय हलवत बसलेली. कान दुखत नसायचा तुझा."

वर खिडकी उघडली. भिंगरीनं डोकं बाहेर काढून दोन्ही हात हलवले, कसं दिसतंय म्हणून विचारलं. तिचा आवाज खाली येईपर्यंत पातळ झाला होता. धाकटीनं उत्तर द्यायच्या आत आईनंच हात वर केला, शालीतून काढून, आणि हवेत धरून ठेवला, पोरगी आत जाईपर्यंत. मग तिनं तो हात खाली आणून धाकटीच्या दंडावर ठेवला.

"चल वर," आई म्हणाली. "मला आतून बघायचंय."